पुण्यात राहून फिलिपिनो जेवण कसं जमवायचं: आमसूल, ओली तूर आणि गवती चहा

माझी बायको इलोइलोची. फिलिपिन्सच्या मधल्या भागात पनाय नावाचं बेट आहे, त्यावरचं हे शहर. आम्ही भेटलो दुबईत, दोघंही तिथे नोकरीला, आणि तिथे असेपर्यंत तिला घरच्या जेवणासाठी कधी झुरावं लागलं नाही, कारण करामा आणि सत्वा या भागांत फिलिपिनो दुकानं आणि खानावळी भरपूर आहेत, कामावरून येताना हवं ते घेऊन यायचं, झालं. लग्नानंतर आम्ही पुण्यात आलो आणि पहिल्याच हिवाळ्यात ती तापाने आडवी पडली. चार दिवस धड काही खाईना. मी बिर्याणी आणली, चायनीज आणलं, आईने वरणभात-तूप-लिंबू कालवून दिला, दोन घास खायची आणि ताट बाजूला सारायची. पाचव्या दिवशी आई स्वयंपाकघरात खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होती, ही पाणी प्यायला उठली, ताटातले दाणे बघितले आणि तिथेच फरशीवर आईच्या शेजारी बसली. मूठभर दाणे नाकाशी धरले आणि म्हणाली, "आई, हे काद्योस आहेत. आमच्या घरामागे लावलेत." आणि रडायला लागली.

तेव्हा मला कळलं की मी चुकीच्या जागी शोधत होतो. इंपोर्टेड सामानाच्या दुकानात जाऊन सॉसच्या बाटल्या बघत होतो आणि तिच्या घरचं जेवण आमच्या मंडईत पडलं होतं, फक्त नावं वेगळी होती. तेव्हापासून आजपर्यंत जे जे जमलं ते इथे सविस्तर लिहितोय. घरात फिलिपिनो सून असेल, ऑफिसात कुणी असेल, आपल्यातलं कुणी बोटीवर राहून त्या जेवणाच्या प्रेमात पडून आलं असेल (कोकणातल्या खूप घरांत असा एक तरी माणूस असतो, कारण बोटीवर फिलिपिनो लोक सगळीकडे), तर उपयोग होईल.

आधी विचारा, मग बाजारात जा

फिलिपिन्स म्हणजे ७,६४१ बेटं, त्यामुळे "फिलिपिनो जेवण" असं एक काही नसतंच. आपल्याकडे कोल्हापूरच्या माणसाला घरची आठवण आल्यावर त्याच्यापुढे मालवणी कढी ठेवली तर कसं वाटेल? तसंच. बिकोल भागातला माणूस नारळाचं दूध आणि मिरचीसाठी झुरतो, इलोइलोचा माणूस आंबट रश्श्यासाठी, आणि आदोबो, म्हणजे व्हिनेगर-लसणात शिजवलेलं मांस, सगळ्या देशात होतो पण प्रत्येक घरचा निराळा. म्हणून पहिली पायरी म्हणजे निवांत बसून विचारायचं. पदार्थाचं नाव विचारू नका, नाव पटकन सांगता येत नाही आणि सांगितलं तरी आपल्याला कळत नाही. असं विचारा की आजारी असताना घरी काय द्यायचे, रविवारी काय असायचं, रस्सा आंबट होता की नारळाचा, आणि कोण करायचं. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण शेवटी त्या माणसाच्या हाताची चव गाठायची असते.

भात नीट लावा, बाकी सगळं नंतर

बासमती नको. हे मी ठळक सांगतो कारण पाहुणा म्हणून आपण मुद्दाम बासमती लावतो आणि तिथेच बिनसतं. तिकडचा रोजचा भात मऊ, थोडा चिकट, हाताने किंवा चमच्याने गोळा उचलता येईल असा. आपला इंद्रायणी त्याच्या बराच जवळ जातो, नवा असेल तर पाणी जरा कमी घाला. पाण्याचं माप त्यांच्याकडे बोटाने घेतात, तांदळाच्या वर बोटाचं एक पेर बुडेल इतकं पाणी, भांडं कुठलंही असो. आपल्यासारखीच त्यांच्याकडेही भाताला खूप नावं आहेत, शेतातलं भात म्हणजे पालाय, तांदूळ म्हणजे बिगास, शिजला की कानिन, शिळा राहिला की बाहाव, आणि बुडाला लागलेली खरपूड म्हणजे तुतोंग.

शिळा भात टाकू नका. सकाळी तेलात भरपूर लसूण, म्हणजे दोन माणसांना सात-आठ पाकळ्या, बारीक चिरून मंद आचेवर बदामी करायची, अर्धी काढून ठेवायची, मग त्यात मोकळा केलेला भात आणि मीठ परतायचं, वरून काढलेली लसूण घालायची. याला सिनांगाग म्हणतात. आपल्या फोडणीच्या भाताची बहीणच, फक्त हळद-मोहरी नाही. सोबत तळलेलं अंडं आणि खारवलेला सुका मासा. तिकडे तुयो म्हणून छोटा खारा सुका मासा असतो, त्याच्याऐवजी सुकी मांदेली किंवा खारा बांगडा चालतो. बांगडा आधी पाण्यात थोडा वेळ ठेवा नाहीतर मिठाने तोंड सोलवटतं. बाजूला वाटीत व्हिनेगर बुडवायला. बायको म्हणते की या नाश्त्याने तिचा आठवडा सुरू होतो, आणि आता माझाही.

आता आंबट

खरी आठवण इथेच असते. आपण तिखट-गोड-खारट बघतो आणि आंबट म्हणजे वरून लिंबू पिळायचं असं समजतो, त्यांच्याकडे आंबट ही जेवणाची मुख्य चव आहे, आणि प्रत्येक आंबट वेगळं. म्हणून घरात आंबटाचा एक कप्पाच करा.

व्हिनेगर. दुकानात जी स्वस्त पांढरी बाटली मिळते तिच्या लेबलवर बहुतेक वेळा सिंथेटिक लिहिलेलं असतं, ते घशात टोचतं, आदोबो त्यात बिघडतो. गोव्याला जाणाऱ्या कुणालाही माडाच्या व्हिनेगरच्या दोन बाटल्या आणायला सांगा. फिलिपिन्समध्ये माडीला तुबा म्हणतात आणि तुबा आंबवून जे व्हिनेगर होतं तीच वस्तू गोव्यात होते, झाड तेच, रीत तीच. पहिल्यांदा मी म्हापशाच्या बाजारातून बाटली आणली तेव्हा हिने बूच काढून वास घेतला आणि काही न बोलता लसूण सोलायला बसली. तिने जे केलं ते सिनामाक. रिकाम्या काचेच्या बाटलीत लवंगी मिरच्या पंधरा-वीस देठ काढून, लसणाच्या दहा-बारा पाकळ्या जरा ठेचून, आल्याच्या चकत्या, दहा-बारा काळी मिरी, आणि वरपर्यंत माडाचं व्हिनेगर. घट्ट बंद करून आठ-दहा दिवस ठेवायचं. तिकडे यात कुलिंजनसारखं एक मूळही घालतात, नसलं तर आलं थोडं जास्त घाला. बाटली टेबलावर कायम ठेवा, तळलेल्या भाजलेल्या कशावरही चालतं, संपत आलं की वरून परत व्हिनेगर ओतायचं.

चिंच. सिनिगांग नावाचा आंबट रस्सा तुम्ही ऐकला असेल, त्यात बहुतेक चिंच असते पण ती पिकलेली नाही! कच्ची हिरवी चिंच. आपला पिकल्या चिंचेचा कोळ घातला की रस्सा तपकिरी होतो आणि गोडसर लागतो, मग समोरचा माणूस छान आहे म्हणतो आणि अर्धी वाटी ठेवतो. दिवाळीनंतर जानेवारीपर्यंत हिरव्या चिंचा मिळतात, तेव्हाच किलोभर घ्या, थोड्या पाण्यात फुटेपर्यंत उकडा, कुस्करून गाळा आणि तो गर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा. वर्षभर चार क्यूब काढले की काम झालं. चिंच नसेल तर बिंबलं, कोकणात गोव्यात परसात असतात ती, तिकडे त्यांना कामियास म्हणतात आणि त्यांचंही सिनिगांग होतं. कैरीचंही होतं. आणि पिकलेल्या पेरूचंही होतं, विश्वास बसणार नाही पण माशाबरोबर फार सुरेख लागतं.

आमसूल. हे मला सगळ्यात जास्त सांगायचं होतं. इलोइलोच्या भागात बातवान नावाचं आंबट फळ रश्श्यात घालतात, ते पुण्यात मिळत नाही, मनिलातसुद्धा सहज मिळत नाही असं बायको सांगते, आणि ती त्यासाठीच तळमळत होती. त्या तुरीच्या दाण्यांच्या दिवशी आईने तिला डब्यातलं एक आमसूल दिलं, असंच चोखायला, तोंडाला चव यावी म्हणून. तिने ते तोंडात धरलं, डोळे मिटले, मग बोटावर काढून उजेडात बघितलं, परत तोंडात टाकलं. म्हणाली, याला काय म्हणतात? नंतर मी शोधलं तेव्हा कळलं, बातवान आणि कोकम एकाच गार्सिनिया गटातली झाडं. नातेवाईकच आहेत ती!

कालामांसी म्हणून बारकं लिंबू असतं त्याच्यासाठी कागदी लिंबाच्या रसात थोडा संत्र्याचा रस मिसळा, एवढं पुरतं.

खारट आणि वासाचं

पातिस म्हणजे फिश सॉस, ऑनलाइन थाई मिळतो तो चालतो, बाटली एकच घ्या, पुष्कळ दिवस जाते. अवघड आहे ते बागोओंग, बारीक कोळंबी मिठात मुरवून केलेलं. घरी मुरवायच्या भानगडीत पडू नका, प्रमाण चुकलं तर पोट बिघडेल. त्यापेक्षा आपला जवळा. वाटीभर जवळा निवडून कोरडा भाजा, दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवून पिळून काढा, मग तेलात लसूण, कांदा, एक टोमॅटो चांगला गळेपर्यंत परता, त्यात जवळा, चमचाभर फिश सॉस, चमचाभर व्हिनेगर, अर्धा चमचा साखर, तेल सुटेपर्यंत. बागोओंग नाही होत हे, पण कैरीच्या फोडीबरोबर दिलं तर ताट रिकामं होतं. घरात न खाणारी माणसं असतील तर हे गॅलरीत वेगळ्या शेगडीवर करा आणि भांडं वेगळं ठेवा, आधी सांगून केलं की कुणाचं मन दुखत नाही. आमच्या शेजारच्या काकूंना मी पहिल्यांदा जाऊन सांगितलं होतं की आज वास येईल, त्यांनी खिडकी लावून घेतली आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे चहाला आल्या.

काद्योस, बाबोय, लांगका

तिकडे हा पदार्थ आद्याक्षरांनीच ओळखतात, केबीएल. तूर, डुक्कर, फणस. इलोइलोचं मन यात आहे असं मी म्हणेन.

यात अडचण सामानाची नाही, हंगामाची आहे. ओल्या तुरीच्या शेंगा डिसेंबर-जानेवारीत येतात आणि फणसाची कुयरी त्यानंतर, फेब्रुवारी-मार्चकडे. म्हणून दाणे जानेवारीत सोलून, पिशवीत भरून फ्रीजरमध्ये ठेवायचे आणि कुयरीची वाट बघायची. घाई असेल तर अख्खी सुकी तूर रात्रभर भिजवून घ्या, उलट तिने रस्सा जास्त गडद होतो आणि तिकडचा रस्साही गडदच असतो. तूरडाळ मात्र नको, वरण होईल.

चार माणसांना अर्धा किलो हाडासकट डुक्कर, पायाकडचा भाग मिळाला तर उत्तम (पुण्यात कॅम्पकडे चौकशी करा). तुकडे गॅसच्या जाळीवर किंवा कोरड्या तव्यावर सगळीकडून डाग पडेपर्यंत भाजा, ही पायरी गाळू नका, धुराची चव इथूनच येते. पातेल्यात दीड लिटर पाणी, मांस, कांदा, आणि गवती चहा. गवती चहाबद्दल एक गोष्ट, भाजीवाल्याकडे जुडी मिळते ती नुसत्या पात्यांची, ती चहाला ठीक, इथे लागतो बुडाचा पांढरा जाड भाग. म्हणून कुंडीत एक ठोंब लावा, दोन महिन्यांत हवा तेवढा होतो, बूड ठेचून पाती गाठ मारून घालायची. फेस आला की काढत राहा. सुकी तूर असेल तर आत्ताच घाला, ओली असेल तर नंतर. तास-पाऊण तास मंद आचेवर ठेवा, किंवा कुकरला चार शिट्ट्या. मांस मऊ व्हायला लागलं की हाताला आणि सुरीला तेल लावून चिरलेली कुयरी पाव किलोभर आणि वाटीभर ओले दाणे. फणस शिजला की सहा-सात आमसुलं, त्यांची माती-कचरा धुऊन, आणि एक-दोन अख्ख्या हिरव्या मिरच्या. दहा मिनिटं उकळून आमसुलं काढून घ्या नाहीतर रस्सा तुरट होतो. मीठ अगदी शेवटी, कारण आमसुलात मीठ असतंच. मसाला काहीही घालायचा नाही. पहिल्यांदा करताना माझा हात आपोआप गोड्या मसाल्याच्या डब्याकडे गेला, बायकोने डबा उचलून फडताळात ठेवून दिला.

डुक्कर चालत नसेल तर मन मारू नका, त्याच भागात याची दुसरी जोडी आहे, तूर, गावरान कोंबडी आणि केळीचा गाभा. गाभा बारीक चिरून, धागे बोटावर गुंडाळून काढून, मीठ चोळून पिळून घ्यायचा. आंबट मात्र आमसुलाचंच. आमच्याकडे आई हेच खाते आणि आता तीच करते. पहिल्यांदा बायकोने चव घेऊन "नामित" म्हटलं, म्हणजे त्यांच्या हिलिगायनॉन भाषेत चवदार, तो शब्द आई आता भाकरीलाही वापरते.

आजारपणाला तिनोला, रोजच्याला सिनिगांग

त्या तापात मला माहीत असायला हवं होतं ते हे. तिनोला म्हणजे आल्याचा कोंबडीचा पातळ रस्सा. तेलात आल्याच्या भरपूर काड्या, लसूण, कांदा, मग कोंबडी परतून, फिश सॉस, पाणी, शिजत आली की कच्च्या पपईच्या फोडी (दुधी चालतो), आणि गॅस बंद करताना शेवग्याची पानं मूठ-दोन मुठी. शेवगा तिकडे मालुंगाय, कुंपणाचं झाड, आपल्यासारखंच. अर्ध्या-पाऊण तासात होतं.

सिनिगांगला पाणी म्हणून तांदळाचं धुवण वापरा, दुसऱ्यांदा धुतलेलं, त्याने रस्सा किंचित दाट होतो. त्यात टोमॅटो-कांदा उकळायचा, मुळ्याच्या चकत्या, लांब वांगं, चवळीच्या कोवळ्या शेंगा, अख्खी भेंडी, मग चिंचेचा गोठवलेला गर, शेवटी डोक्यासकट कोळंबी किंवा रावसाचे तुकडे आणि पालेभाजी. पाण्यात वाढणारी पोकळ देठांची नाळीची भाजी मिळाली तर खरी तीच, नाहीतर पालक. इतकं आंबट हवं की पहिल्या घोटाला खांदे वर जावेत.

आणखी तीन-चार, थोडक्यात

आदोबोला मांसाचे तुकडे, लसूण, तमालपत्र, मिरी, व्हिनेगर, आणि हवा तर सोया सॉस. व्हिनेगर घातल्यावर झाकण न ठेवता, न ढवळता उकळू द्यायचं, कच्चा वास गेला की मग ढवळा. सोया सॉस नंतरचा आहे, त्याशिवायचा पांढरा आदोबो जुना. १६१३ सालच्या एका स्पॅनिश पाद्र्याच्या तागालोग शब्दकोशात या रीतीची नोंद आहे, म्हणजे नाव स्पॅनिश पण स्वयंपाक तिथल्याच लोकांचा.

कारे-कारे म्हणजे दाण्याच्या कुटाचा दाट रस्सा, आपल्या घरी कूट असतंच. मटणाचे पाये आधी मऊ शिजवा, मग कूट आणि भाजून दळलेले तांदूळ, वांगं, चवळीच्या शेंगा, केळफूल. मीठ जवळजवळ नाही, कारण बाजूला बागोओंग घेऊन खायचं असतं. १७६२ मध्ये इंग्रजांनी मनिला घेतलं तेव्हा त्यांच्याबरोबर मद्रासकडचे शिपाई होते, त्यातले काही कायंता गावाकडे कायमचे राहिले, आणि हा पदार्थ त्यांच्या कढीवरून आला असं तिकडे सांगतात. खरं-खोटं कुणी ठरवावं, पण हे ऐकल्यावर आईने दुसऱ्यांदा वाढून घेतला.

बिकोलचं लाइंग म्हणजे अळू आणि नारळाचं दूध. पानं दोन दिवस सुकवून, चुरून, दुसऱ्या पिळाच्या पातळ दुधात आलं-लसूण-मिरचीबरोबर मंद शिजवायची आणि पूर्ण शिजेपर्यंत ढवळायचं नाही, ढवळलं तर घशाला खाजतं असं तिकडच्या बायका ठाम सांगतात. शेवटी पहिलं जाड दूध. सुकी कोळंबी वगळली तर शाकाहारी घरातही चालतं. तसंच मुगाचं, शुक्रवारी तिकडे घरोघरी अख्खे मूग शिजवतात, लसूण-टोमॅटोची फोडणी आणि वर शेवग्याची किंवा कारल्याची पानं.

सप्टेंबर ते डिसेंबर जपा

तिकडे ख्रिसमसचं वारं सप्टेंबरपासूनच सुरू होतं आणि १६ डिसेंबरपासून नऊ दिवस पहाटेची प्रार्थना असते, बाहेर पडलं की चर्चच्या दारात गरम बिबिंका. आठवण सगळ्यात जास्त याच दिवसांत येते. नाव ऐकून गोव्याची बेबिंका आणू नका, ती थरांची, ही तांदळाच्या पिठाची, नारळाचं दूध आणि अंडी घालून केळीच्या पानावर भाजलेली, खाली-वर निखारे. पान आधी गॅसवर फिरवून मऊ करा, टिनला लावा, ओव्हनमध्ये भाजताना शेवटची पाच मिनिटं फक्त वरची आच ठेवा म्हणजे पानाच्या कडा जळून तो वास येतो. त्या वासाशिवाय बिबिंका नाही.

आणि कोनफळ! हिवाळ्यात बाजारात जांभळट कोनफळ येतं, फिलिपिन्सचं प्रसिद्ध ऊबे ते हेच, एकाच जातीचा कंद. उकडून, किसून, नारळाचं दूध, कंडेन्स्ड मिल्क आणि लोणी घालून पाऊण तास आटवायचं. रंग तिकडच्याइतका गडद येत नाही, हे आधीच सांगून ठेवा.

चिकट तांदळाच्या गोडासाठी आसामचा बोरा तांदूळ ऑनलाइन मागवता येतो, इंद्रायणीने ते होत नाही.

तिकडून काय मागवायचं

कुणी येणार असेल तर सिनिगांगची पाकिटं, सुका आंबा, आणि चांगलं बागोओंग नीट सील करून. मांसाचे पदार्थ सांगू नका, विमानतळावर अडकतात. आणि पहिल्यांदा काही करताना फोन लावून करा. तिकडचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास आहे, म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा ते तिकडचे नऊ, त्यानंतर लावला तर सासूबाई झोपेतून उठून बोलतात आणि मग आपल्यालाच वाईट वाटतं. आमची नानाय, म्हणजे बायकोची आई, फोनमधूनच रश्श्याचा रंग बघते आणि सांगते, अजून आंबट. मी एक आमसूल वाढवतो.